दोघांचा एक कोयता

घोडेगावजवळचा तळ
१० नोव्हेंबर २०२४

ताई,
जय भीम.

आम्ही पोचलो. कोपी उभी राहिली, चूल पेटली, तेव्हा उगाच जीव टांगणीला लावून बसू नकोस. हे पत्र वाल्मिकदादाच्या हातून येईल. शुक्रवारच्या बाजाराला तो नगरहून टेम्पोत जनावरं घेऊन इकडे येतो आणि आमचा तळ रस्त्यालगतच आहे. मामाच्या पोराचा एवढा तरी उपयोग करून घेते. फोनवर मनातलं बोलता येत नाही. मोबाईल एकच, तोही यांच्या खिशात. आणि कोपीला भिंत कसली, उसाचं पाचट. इकडे मी कुजबुजले की पलीकडून भागूबाई ‘व्हय का गं’ म्हणते.

नगरच्या सेंटरच्या मॅडमनी चार महिन्यांच्या बाटल्या एकदम दिल्यात. माझ्या साड्यांच्या बोचक्यात तळाशी ठेवल्यात. सासूबाईंना रक्तवाढीच्या गोळ्या म्हणून सांगितलंय. पाचवा महिना लागला. बाळ हलतं.

यांचं मात्र काही खरं नाही. अंगात ताप असतोच, पँट सुतळीनं बांधतात. तपासून घ्या म्हटलं की चिडतात. “तिथं रांगेत गावचं कुनी ना कुनी असतंच. उद्या तळावर कळलं तं टँकरचं पानी तरी भरू देतील का आपल्याला?” म्हणतात. मला त्यांच्यावर नीट रागावताही येत नाही. माझा रिपोर्ट आला त्या दिवशी ते माझ्यासमोर बसून लहान पोरासारखे रडले होते. दुसऱ्या कुणी बायकोला हाकलून दिलं असतं.

तुला माहीतच आहे, इथं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवराबायको मिळून एक कोयता. ते तोडणार, मी मोळ्या बांधणार. एक जण आडवा झाला की दुसऱ्याला कुणी विचारत नाही. त्यांनी तोडायला हवं, एवढंच सध्या मला कळतं.

तुझी,
भारती

—

नगर
२१ नोव्हेंबर २०२४

भारते,

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग चिडले, मग वसतिगृहातल्या पोरींच्या भाकरी थापायला बसले. त्या दिवशीच्या भाकरी म्हणे पापडासारख्या झाल्या. पोरींनी वॉर्डनबाईंकडे माझी तक्रार केली. आता ती तक्रार प्रवीणरावांच्या नावावर टाक.

काय तर म्हणे, हाकलून दिलं नाही! मेहेरबानीच केली म्हणायची. घरात आणलं कुणी ते? तू लग्न होईपर्यंत पाथर्डीच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतंस, आणि ते दोन वर्षं ट्रकवर हिंडत होते. मी हे त्यांच्या तोंडावर बोलले नाही, कारण तू मला डोळ्यांनी गप्प केलंस. पण पत्रात कोण गप्प करणार?

आता नीट वाच. मी नाव लिहायला घाबरत नाही. एचआयव्ही झाला म्हणजे माणूस संपलं असं राहिलेलं नाही. मॅडम आपल्या दोघींसमोर काय म्हणाल्या ते आठव. आईनं रोज एक गोळी, न चुकता, पूर्ण दिवस भरेपर्यंत घेतली, तर बाळ शंभरात नव्याण्णव वेळा चांगलं निघतं. रोज म्हणजे रोज. फडातून कितीही दमून आलीस तरी. बाळाचं सगळं त्या एका गोळीवर आहे. बाकी जग जळू दे.

आणि प्रवीणरावांना सांग, जयमालाताईंनी बोलावलंय. नगरच्या सेंटरला या, इथं पाथर्डीचं कुत्रंसुद्धा ओळखणार नाही. मी रांगेत त्यांच्या शेजारी उभी राहीन, कुणी विचारलं तर म्हणेन मला दाखवायचंय.

मोळी डोक्यावर घेऊ नकोस. घेशीलच, तरी सांगते.

जयमाला

—

८ डिसेंबर २०२४

ताई,

तुझा निरोप सांगितला. ते हसले. “ताई लई खमकी हाय,” म्हणाले, आणि पुन्हा कूस बदलून पडले.

आठवडा झाला, ते उठलेले नाहीत. परवा सहा डिसेंबरला तळावरच्या आपल्या लोकांनी बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या. हे आतूनच हात जोडून पडले होते. मेडिकलमधून तापाचं औषध आणलंय. मी एकटी फडात जाते, तोडते, बांधते, पण एकटीनं किती होणार? काल मुकादम कोपीशी येऊन म्हणाला, “अर्धा कोयता घेऊन म्या काय करू? दोन दिस बघतो, मंग दुसरी जोडी आनतो.” सासूबाई त्याच्या पाया पडायला निघाल्या होत्या. मी त्यांचा हात धरला.

तो गेल्यावर हे म्हणाले, “मी मरतो वाटतं, भारती.” ताई, असं म्हटल्यावर मी काय करायचं गं? मी रात्रंदिवस त्यांना जा म्हणते. ते म्हणतात, गावातल्या कचरूचं काय झालं ते बघितलंस ना? बघितलंय मी. कचरूकाकांच्या दारावरून लोक वाट वाकडी करून जायचे. ते याच आजारानं गेले तेव्हा खांदा द्यायला गावातली चार माणसं जमेनात, त्यांचे वडील, भाऊ आणि दोन मेव्हणे होते म्हणून निभावलं.

एक विचारायचं होतं. आमच्या शेजारच्या भागूबाईला बीपी आहे. तिच्या नवऱ्यालाही आहे, पण तो दवाखान्यात जात नाही. तर तिची गोळी तिनं त्याला दिली तर चालते का? आजार तर एकच. तू दवाखान्याचं सगळं जाणतेस म्हणून विचारते. वाल्मिकदादाजवळ लवकर उत्तर दे, ती रोज विचारते.

भारती

—

१९ डिसेंबर २०२४

भारते,

प्रवीणरावांना उचलून टेम्पोत घाल आणि पाठव. वाल्मिकला मी सांगितलंय, म्हशीबरोबर बसवून आण म्हणून. माणूस मरायला टेकलाय आणि कचरूच्या गोष्टी सांगतो! कचरूच्या वेळी औषधं नव्हती एवढी, आता आहेत, फुकट आहेत, हा फरक कुणी समजावायचा त्यांना? माझं डोकं फिरतं अगदी.

तुझी मात्र कमाल आहे. घरात एवढं चाललंय आणि तुला भागूबाईच्या बीपीची काळजी! आईवर गेलीस. आईनंसुद्धा जाताना शेजारणीच्या गुडघ्याचं विचारलं होतं. सांग तुझ्या भागूबाईला, खुशाल दे म्हणावं. आमच्या स्वयंपाकघरात आम्ही सगळ्या बीपीवाल्याच. एकीची संपली की दुसरीची निम्मी मोडून घेतो. कुणी मेलेलं नाही अजून. आजार एकच, तर गोळी एकच.

तुझी गोळी चालू आहे ना? तेवढं लिही. सोबत डिंकाचे लाडू पाठवलेत. लाडू तळाला वाटत बसू नकोस, तू खा.

जयमाला

—

१२ जानेवारी २०२५

ताई,

पत्राला उशीर झाला, पण बातमी चांगली आहे. यांचा ताप उतरला. नाताळाच्या सुट्ट्यांत तळावरच्या पोरांची साखरशाळा बंद होती, तेव्हाच उठून बसले, आणि आता महिनाही झाला नाही तर फडात माझ्या पुढं असतात. चेहऱ्यावर पाणी आलंय. मुकादम म्हणाला, “जोडी लागली परत.” सासूबाईंनी तळावर चहा वाटला.

माझी गोळी रोज चालू आहे. संध्याकाळी जेवण झालं की लगेच. बाटली महिन्याच्या महिन्याला बरोबर संपते, तू येऊन मोजलीस तरी चालेल. बाळ आता लाथा मारतं. हे पोटाला कान लावून ऐकतात आणि म्हणतात, ऊस तोडतंय.

ताई, फार दिवसांनी मला बरं वाटतंय. लाडू मी एकटीनं खाल्ले नाहीत, खोटं कशाला बोलू. पण निम्मे खाल्ले.

भारती

—

२३ जानेवारी २०२५

भारते,

वाचून मी स्वयंपाकघरात नाचले! म्हणजे गेले वाटतं प्रवीणराव सेंटरला? मला ठाऊक होतं जाणार म्हणून. मला न सांगता परस्पर गेले, चालेल, मेव्हणीसमोर लाजले असतील. त्यांना माझ्याकडून शाब्बास सांग. एवढ्या लवकर तब्येत सुधारली म्हणजे गोळ्या अगदी वेळेवर घेत असणार. उगाच त्यांना नावं ठेवली मी. या पत्रापुरती सगळी परत घेते.

आता तुझं. मॅडमनी आठव्या महिन्यात रक्त तपासायला बोलावलंय. रक्तात विषाणू किती उरलेत ते त्यात कळतं. उरलेच नसतील तर बाळाला भीती नाही. बाटल्याही संपत आल्या असतील, त्या मिळतील. मी रजा टाकते, तू वाल्मिकबरोबर ये.

मी झबली शिवायला घेतलीत. पिवळी आणि हिरवी. मुलगा की मुलगी हे विचारू नकोस, मी दोन्हींची तयारी करून ठेवते. तू हसशील, पण आमच्या वसतिगृहातल्या पोरींना मी आत्तापासून सांगून ठेवलंय की मी मावशी होणार.

जयमाला

—

२७ फेब्रुवारी २०२५

भारती,

परवापासून मला झोप नाही. तुझ्यापुढं सेंटरमध्ये मी बोलू शकले नाही, कारण प्रवीणराव दाराबाहेर उभे होते आणि तू जमिनीकडे बघत बसली होतीस.

रिपोर्ट मी तीनदा वाचला. मॅडमनाही आधी वाटलं, चूक झाली असेल, कारण तुझ्या बाटल्या दिवसाला दिवस जुळत होत्या. पण आकडा तोच. विषाणू अंगात भरभरून आहेत. चार महिने रोज गोळी घेणारीचा असा रिपोर्ट येत नाही, असं त्या म्हणाल्या. तुला त्या रागावल्या, तेव्हा मलाच चटका बसला.

तू गोळ्या फेकून देतेस का? मळमळतं म्हणून चुलीत घालतेस का? की सासूबाईंना कळलं आणि त्यांनी बंद केल्या? मला खरं सांग. मला राग येईल, येऊ दे. पण दिवस भरत आलेत, आता माझ्यापासून लपवून कुणाचंही भलं होणार नाही. आणि एक मला उमगलेलं नाही. मॅडमनी प्रवीणरावांचं नाव त्यांच्या कॉम्प्युटरवर शोधलं. ते सापडलं नाही. ते गोळ्या घेतात कुठून?

आणि मला आता या शेवटच्या वाक्याची भीती वाटायला लागलीय.

जयमाला

—

६ मार्च २०२५

ताई,

तुला कळलंच असेल.

फेकल्या नाहीत गं. एकही नाही. रोज संध्याकाळी जेवण झालं की मी गोळी काढत होते आणि विळीच्या पात्यावर मोडत होते. निम्मी त्यांना, निम्मी मला. डिसेंबरपासून. म्हणून बाटली बरोबर संपायची.

भागूबाईला बीपी नाही. मी तिचं नाव खोटंच घेतलं. त्या दिवशी मुकादम गेल्यावर यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “आपुन एक कोयता हाये ना, भारती? मंग औषध बी दोघांचं एकच की.” मला ते खरं वाटलं. फडात आम्ही पाणी एका बाटलीतलं पितो, भाकर एका फडक्यातली खातो, हजेरी एका नावावर लागते. मग गोळीचंच वेगळं कसं असेल? तरी मनात धाकधूक होती म्हणून तुला विचारलं. तुझ्यावर ढकलत नाही. मी विचारलं तेच खोटं विचारलं, तर तू उत्तर खरं कुठून देणार?

आणि ते बरे झाले ना ताई! मी डोळ्यांनी बघितलं. निम्म्या गोळीनं माणूस उठून फडात गेला, तर माझ्या निम्म्या गोळीनं बाळ का सांभाळलं जाणार नाही, असं मला वाटलं.

आता पोटात ते हललं की मी हात लावत नाही. लावायला भीती वाटते.

भारती

—

७ मार्च २०२५

भारती,

वाल्मिक बाजारातून आला तसा त्याला परत धाडतेय. तो उभा आहे, म्हणून थोडकंच लिहिते.

आज संध्याकाळी अख्खी गोळी घे. मोडायची नाही. त्यांनी मागितली तरी नाही, ते रडले तरी नाही, मुकादम दारात येऊन बसला तरी नाही. मॅडमना मी सांगितलंय. त्या रागावल्या नाहीत, नुसत्या खुर्चीत मागे टेकल्या. तुला तळावर कळा सुरू झाल्या तर सरळ वाल्मिकला फोन कर, सासूबाईंना काय सांगायचं ते मी बघते. बाळाला जन्मल्याबरोबर औषध सुरू करायचंय.

मॅडम असंही म्हणाल्या की प्रवीणरावांचा ताप मेडिकलच्या औषधानंच उतरला असावा, निम्म्या गोळीनं नाही. प्रवीणरावांना हे सांगायचं की नाही ते तू ठरव. माझ्यानं सांगवणार नाही.

‘आजार एकच, तर गोळी एकच’ हे मी लिहिलं होतं. हसत हसत लिहिलं होतं.

जयमाला

—

३० मार्च २०२५

ताई,

तू दवाखान्यातून गेलीस तेव्हापासून पोरगी शांत झोपते. तुझी पिवळी झबली तिला मोठी होतात, बाह्या दुमडून घालते. दिवसांआधी आली, पण बोटं बघ कशी लांब आहेत, आईसारखी.

तिची दोन्ही औषधं चुकत नाहीत. हे स्वतः ड्रॉपर धरतात. तू बघितलंसच, ती जन्मली त्याच दिवशी ते आपणहून खिडकीशी गेले आणि म्हणाले, माझं रक्त घ्या. तोंडाला रुमाल बांधला होता, पण गेले. मी इतके महिने पाया पडले तेव्हा गेले नाहीत. आता त्यांची बाटली वेगळी, माझी वेगळी. तापाचं मी त्यांना सांगितलं. ते उठून बाहेर गेले आणि तळावरच्या गाडीबैलांना वैरण टाकत बसले.

सासूबाई गुटी उगाळून बसल्या होत्या. मॅडमनी अंगावरच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही म्हणून बजावलंय, म्हणून मी वाटी सरकवली. त्या रुसल्या. “मी चार पोरं वाढवली गुटीवर,” म्हणाल्या. त्यांना खरं कारण काय सांगू? आधीच माझं तोंड किती गोष्टींनी बंद आहे.

दीड महिन्याची झाली की टाचेतून रक्त घेणार आहेत. तोवर काही कळणार नाही. तू म्हणालीस, आशा सोडू नकोस. सोडत नाही. पण ताई, धरायला काही हाताशी लागतही नाही.

भारती

—

१० एप्रिल २०२५

भारते,

धरायला मी आहे, मला धर. मी चांगली जाडजूड आहे.

मॅडमना मी रोज गाठते, त्यांनी आता मला बघून दार लोटून घ्यायचं तेवढं बाकी आहे. त्या म्हणतात, अशा बाळांतलीही बरीच चांगली निघतात, औषध जन्मल्याबरोबर दिलंय. ‘बरीच’ या शब्दावर मी जगते सध्या. भाकरी थापताना मनात तोच शब्द.

नाव शोधलंय. संघमित्रा. कारखान्याचा पट्टा पडून तोड संपली, तळ हलला, की गावी पाथर्डीला बारसं करू. मी पाळणा नगरहून आणते, तुझ्या सासूबाईंच्या नाकावर टिच्चून चांगला रंगीत. चौदा एप्रिलची मिरवणूक झाली की मला रजा मिळेल. तोवर तिच्या कानात मावशीचं नाव सांगत जा.

जयमाला

—

मु. पो. पाथर्डी
२५ मे २०२५

ताई,

वाल्मिकदादा आता या वाटेनं येत नाही, म्हणून पोस्टानं पाठवते. तू फोनवर तीनदा विचारलंस आणि मी तिन्ही वेळा रेंज नाही म्हणून ठेवला. रेंज होती.

तिला आहे.

पहिल्या रिपोर्टवर विश्वास बसला नाही, म्हणून दुसऱ्यांदा टाच टोचली. तेच आलं. मॅडम माझ्याशी फार चांगलं बोलल्या. म्हणाल्या, औषध लगेच सुरू करू, शाळेत जाईल, मोठी होईल, लग्नसुद्धा होईल तिचं. मी मान हलवली. त्या चांगलं बोलल्या म्हणूनच मला तिथून पळून जावंसं वाटलं.

बारशाचं तू विचारत होतीस. औषधाच्या खिडकीपाशी तिथल्या भाऊंनी विचारलं, नाव काय लावायचं? अजून ठेवलं नाही म्हटलं, तर म्हणाले, ‘भारतीचं बाळ’ असं दरवेळी कसं चालेल, हे औषध कायमचं आहे. यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, संघमित्रा. त्यांनी ते बाटलीवर लिहिलं, अक्षरं बसेनात म्हणून बारीक केलं. एवढंच बारसं झालं, ताई. पाळणा आणू नकोस असं नाही. आण.

आता घरात तीन बाटल्या आहेत. तिन्हींवर तीन नावं. सासूबाईंना आम्ही सगळं सांगून टाकलं. त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी उठल्या आणि बाटल्यांसाठी भिंतीत फळी ठोकून घेतली, आल्यागेल्या लेकरांचा हात पोचणार नाही एवढी वर. गावात अजून कुणाला माहीत नाही. कळेलच कधीतरी. पुढच्या दिवाळीला मुकादम येईल तेव्हा तळावर तिला घेऊन जायचं की इथं सासूबाईंजवळ ठेवायची, हे आम्हाला सुचत नाही. नेली तर औषधाला अंतर पडेल, ठेवली तर तिचं दूध तुटेल. तुला सुचलं तर लिही. मला वाटतं, तुलाही सुचणार नाही.

काल संध्याकाळी तिचं औषध पाण्यात विरघळवून पाजलं. थोडं तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून गळालं. यांनी ते बोटानं टिपलं आणि बोट तसंच धरून बसले. मग तेच बोट हळूच तिच्या तोंडात दिलं. मला म्हणाले, “ह्यातलं थेंबभर बी कुनाचं न्हाई. हिचं हिलाच.”

ती बोट चोखत राहिली.

तुझी,
भारती